पोस्टवालीची वाट

चुळबुळ हे नाव तिला मामानं दिलं. ती तेव्हा शाळेत होती. शाळा सुटली की मामाच्या बॉक्सिंग क्लबमध्ये यायची आणि आई कामावरून परत येईपर्यंत भिंतीकडेच्या बाकावर बसायची. बसायची असं आपलं म्हणायचं. बाकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकणं, बुटाची नाडी सोडणं, पुन्हा बांधणं, पाय हलवणं आणि रिंगमध्ये जो कोणी असेल त्याच्यासारखे खांदे उडवणं, हे अखंड चाललेलं असायचं. एकदा मामानं मागं वळून बघितलं, तर बाकावर त्याच्या सगळ्यात चांगल्या बॉक्सरची हुबेहूब नक्कल चालली होती, मान तिरकी करून नाक ओढण्यासकट. बाकीचे खो खो हसले. मामा हसला नाही. त्यानं तिला बाकावरून खाली उतरवलं आणि तिच्या हातांत ग्लोव्ह्ज चढवले.

पुढं तिचं लग्न झालं, ती बसमध्ये कंडक्टर म्हणून लागली, तिशी जवळ आली, तरी नाव तेच राहिलं, कारण स्वभावात काडीचा फरक पडला नाही. जेवताना एक पाय कायम टकटक करत असायचा. कुणाशी बोलता बोलता ती समोरची वस्तू उचलून दुसरीकडे ठेवायची आणि मग तीच वस्तू घरभर शोधत फिरायची. बसमध्ये मात्र तिचं बरं जमायचं. पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत दिवसभर येरझाऱ्या. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला की अख्खी बस पुढं झुकायची आणि ही दांडा न धरता उभी असायची. नकलेची खोडही सुटली नव्हती. गुडघे धरत एखाद्या आजी चढल्या की तिकीट देताना हिचीच पावलं जड पडायची. कॉलेजच्या पोरी चढल्या की तोंडात काही नसताना ही चघळल्यासारखं तोंड हलवायची. एका गृहस्थांना वाटलं की बाई आपल्या तोतरेपणाची थट्टा करते आहे, आणि तक्रार थेट डेपोत गेली. तिनं शपथेवर सांगितलं की मी मुद्दाम करत नाही. ते खरं होतं, पण कुणाला पटलं नाही.

रिंगमध्ये या खोडीचं हत्यार झालं ते मामामुळं. मामानं तरुणपणी एकच मोठी लढत जिंकली होती. समोरचा गडी दांडगा, खाली मान घालून अंगावर येणारा. मामानं त्याला रिंगभर नाचवलं, लांबून टिचक्या मारल्यासारखे ठोसे लावले आणि गुणांवर जिंकला. निकाल लागल्यावर तो गडी सगळ्यांदेखत म्हणाला, की हा उभा राहून लढला असता तर दाखवलं असतं. बघणाऱ्यांनाही ते पटलं. मामा जिंकून घरी आला तो पळपुटा ठरून. ती गोष्ट त्याच्या इतकी जिव्हारी लागली, की क्लब काढल्यावर त्यानं पोरांना पहिला धडा हाच दिला: जो मारामारी करतो त्याला मारामारीतच हरवायचं, जो पळतो त्याला पळण्यात. म्हणजे मग त्याला बोलायला तोंड राहत नाही. बाकीच्या पोरांना हे ऐकायला आवडायचं, जमायचं नाही कुणालाच. चुळबुळीला त्याची फोड करून सांगावीच लागली नाही.

भिंगरी नावाची एक मुलगी होती. तिच्या पायांना जणू चाकं लावलेली. समोरचीनं ठोसा काढला की ही तिथं नसायचीच. चुळबुळीनं तिला तिच्यापेक्षा जास्त फिरवलं, इतकं की शेवटच्या राउंडमध्ये भिंगरी स्वतःभोवतीच गरगरल्यासारखी दोरावर आपटली. मग रणगाडा. बाजारात बर्फाच्या लाद्या फोडायचं काम करणारी, खांद्यांनी दार अडेल अशी. दोन ठोसे खाऊन एक मारायचा, पण तो असा मारायचा की मागचे दोन विसरले जावेत, अशी तिची रीत. मामानंसुद्धा तेव्हा सांगितलं होतं की हिच्यापासून लांब राहा. चुळबुळ लांब राहिली नाही. ती रणगाड्याच्या समोर पाय रोवून उभी राहिली आणि ठोशाला ठोसा देत गेली. आठवडाभर तिला भाकरीचा तुकडा चावता येत नव्हता, पण हात वर गेला तो तिचाच. ही सगळी नावं क्लबमध्ये मामाच ठेवायचा, आणि त्याच्या नावांवरून लोक त्या मुलींना ओळखायला लागायचे.

पोस्टवालीला मात्र त्यानं नाव ठेवलं नाही. ती खरंच पोस्टात होती, खांद्याला पिशवी लावून घरोघर पत्रं टाकत फिरायची, आणि तिच्याबद्दल आणखी काही सांगण्यासारखं त्याला सापडलं नव्हतं.

यंदाच्या निवड स्पर्धेत शेवटची लढत या दोघींची ठरली. चुळबुळ पोस्टवालीची आधीची लढत बघायला गेली, तिची रीत उचलायला. खुर्चीत बसून तिचे खांदे तयारच होते. पण उचलायला काही मिळेना. पोस्टवाली नुसती उभी होती. हात वर, हनुवटी आत, अंगाची एक रेषा हलत नव्हती. समोरची मुलगी इकडून तिकडून हुलकावण्या देत होती, आणि पोस्टवाली तिच्याकडे अशी बघत होती जशी एखादी बाई भांड्यातल्या दुधाकडे बघते. शेवटी समोरचीला राहवलं नाही, ती आत घुसली, आणि त्याच क्षणी पोस्टवालीचा उजवा हात आला. बस. पुन्हा उभी. मग पुन्हा तेच. चुळबुळ खुर्चीत वळवळत राहिली. नक्कल करायची तर समोरच्यानं काहीतरी करायला हवं. ही बाई काहीच करत नव्हती.

दुसऱ्या दिवशी क्लबमध्ये मामानं विषय काढला. क्लब टायरच्या गोदामाच्या माळ्यावर होता. दुपारी रबराचा वास डोक्यात जायचा. मामा ठोसे मारायच्या टांगलेल्या बॅगेला पाठ टेकून उभा होता आणि जरा खाकरून म्हणाला, की या वेळी आपला नियम बाजूला ठेवू. पोस्टवालीला थांबून हरवता येणार नाही. तू तिला पळव, डावीकडून जा, उजवीकडून जा, तिला श्वास घेऊ देऊ नकोस.

"का?" चुळबुळीनं विचारलं.

"कारण तुला थांबता येत नाही," मामा म्हणाला. "देवानं तुला सगळं दिलं, तेवढं एक द्यायचं राहिलं."

तो प्रेमानं म्हणाला होता, पण तिला ते झोंबलं. भिंगरीच्या वेळी नियम, रणगाड्याच्या वेळी नियम, जबडा सुजला तरी नियम, आणि आता नेमकी पोस्टवाली आल्यावर नियम बाजूला? तिनं बॅगेवर असे ठोसे काढले की वरच्या कडीतून गंजाचा भुगा गळायला लागला. मनात मात्र ठरून गेलं. ती थांबूनच लढणार होती.

ठरवणं सोपं होतं. पुढचे दिवस तिनं थांबायचा सराव केला, म्हणजे आरशासमोर ती हात वर करून उभी राहायची आणि मनाला बजावायची की हलायचं नाही. आधी नाक खाजायचं. मग मान. मग पायाच्या तळव्यातून मुंग्या वर चढायच्या, आणि तिला वाटायचं की आत कुणीतरी कोंडलंय आणि दारावर धडका मारतंय. ती आरशाला शिवी घालून बाजूला व्हायची. रात्री कूस बदलून बदलून नवऱ्याची झोप मोडायची. कामावर तिची चिडचिड वाढली. एकाच बाईला तिनं दोनदा तिकीट दिलं आणि वर तिलाच विचारलं की दोन कशाला घेता.

अशातच एका सकाळी बाजाराच्या थांब्यावर रणगाडा बसमध्ये चढली. कोपरापर्यंत रबरी हातमोजे, ओला एप्रन गुंडाळून काखेत. लढत झाल्यापासून दोघी भेटल्या नव्हत्या. रणगाडा पुन्हा रिंगमध्ये उतरली नव्हती, एवढं चुळबुळीला ऐकून माहीत होतं. तिला वाटलेलं की खांदा दुखावला असेल. तिनं तसं विचारलं. रणगाडा म्हणाली, खांद्याला काय धाड भरलीय, रोज लाद्या फोडते. मग का सोडलंस, असं चुळबुळीनं विचारल्यावर तिनं एप्रन दुसऱ्या काखेत घेतला. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते ऐकायला जास्त जड गेलं.

"हरण्याचं काही नाही. पळणाऱ्या मुलींकडून मी कितीदा हरले, घरी जाऊन पोटभर जेवले, झोपले," ती म्हणाली. "तू माझ्यासमोर उभी राहिलीस आणि माझंच मला दिलंस. माझ्यापेक्षा चांगलं दिलंस. आता बर्फावर हातोडा घालताना मला वाटतं, हे मी मारतेय की तुझ्यासारखं मारतेय."

मागून कुणीतरी तिकिटासाठी हाका मारत होतं. रणगाडा पुढच्या थांब्यावर उतरली, जाताना लढतीसाठी शुभेच्छाही देऊन गेली. चुळबुळ दिवसभर बसमध्ये येरझाऱ्या घालत राहिली आणि तिच्या डोक्यात ते वाक्य येरझाऱ्या घालत राहिलं. मामा म्हणायचा, समोरच्याला बोलायला तोंड राहत नाही. ते इतकं खरं असेल असं तिला वाटलं नव्हतं. भिंगरीचं काय झालं, याची तिनं कधी चौकशीच केली नव्हती.

सुट्टीच्या दिवशी ती नवऱ्याच्या कारखान्यात गेली. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, जुन्या लाकडी सामानाला पॉलिश करायची. नवरा शांत माणूस. इतका शांत, की लग्नाच्या पहिल्या वर्षात तिला संशय आला होता की याला कमी ऐकू येतं. एका डॉक्टरीणबाईंच्या कपाटाचं काम चालू होतं. त्यानं कापडाच्या बोळ्यानं कपाटाच्या दारावर पॉलिशचा हात फिरवला, बोळा डब्यात ठेवला आणि स्टुलावर बसला. तीही दुसऱ्या स्टुलावर बसली. आज थांबायला शिकायचंच असं ठरवून आली होती. थोड्या वेळानं उठली, खिडकी उघडली, लावली, डब्यांची झाकणं बघितली, परत बसली. मग वाळलंय का ते बघायला तिनं बोट लावलं.

वाळलं नव्हतं. दाराच्या बरोबर मध्यभागी तिच्या बोटाचा ठसा उमटला.

नवऱ्यानं ठशाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, बारीक पॉलिशपेपर घेतला आणि तेवढा भाग पुन्हा घासायला लागला. एक शब्द बोलला नाही. त्यानंच ती भडकली. तुला राग का येत नाही, तू माणूस आहेस का लाकूड, मी इथं जीव काढते आहे आणि तुला बसल्या जागी हे कसं जमतं, असं सगळं एका दमात बोलून गेली. लढतीचं, मामाचं, रणगाड्याचं सगळं त्यात आलं. नवरा घासता घासता ऐकत होता. मग त्यानं पुन्हा बोळा फिरवला आणि तिला जवळ बोलावलं.

"मी वाट बघत नाही," तो म्हणाला. "वाट बघायला लागलो तर मीही बोट लावीन. मी पॉलिशकडे बघतो. आता ही चमक ओली आहे, पाण्यासारखी. थोड्या वेळानं मंद होईल, कडेनं आधी. मग परत येईल ती वेगळी असते. त्या मधल्या वेळात इतकं काय काय होत असतं की कंटाळायला सवड मिळत नाही."

तिनं बघितलं. आधी तिला काहीच दिसेना. मग कडेला, खिळ्याच्या भोकाजवळ, चमक जराशी विटल्यासारखी झाली आणि तो विटका भाग आत सरकत आला. एका जागी तो अडला, तिथं लाकडाच्या रेषा आडव्या होत्या. ती खाली वाकली, मग गुडघ्यावर बसली. बऱ्याच वेळानं नवऱ्यानं विचारलं की चहा टाकू का, तेव्हा तिला कळलं की आपला पाय हलत नाहीये. ते कळलं आणि तो लगेच हलायला लागला.

लढतीच्या दिवशी संध्याकाळी हॉल भरला होता. मामानं तिच्या हातांना पट्ट्या गुंडाळल्या आणि पुन्हा तेच सांगितलं, पळव तिला. तिनं मान हलवली. खोटंच हलवली.

घंटा झाली आणि दोघी रिंगच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या. पोस्टवाली हात वर करून, हनुवटी आत घेऊन. चुळबुळही तशीच. लोकांना आधी वाटलं की अंदाज घेताहेत. मग कुजबूज सुरू झाली, मग हशा. कुणीतरी ओरडलं की बायांना खुर्च्या आणून द्या. रेफरीनं मध्ये येऊन दोघींना समज दिली की लढायला आलाय तर लढा. मामा कोपऱ्यातून पाय हलव, पाय हलव म्हणत होता. चुळबुळीच्या पोटऱ्यांतून मुंग्या चढायला लागल्या होत्या. राउंड संपता संपता पोस्टवालीनं रेफरीची समज पाळल्यासारखा एक ठोसा पुढं केला, त्यात जीव नव्हता, आणि चुळबुळीचा हात त्याच्यावरून जाऊन तिच्या गालावर बसला. राउंड तिच्या पदरात पडला असावा. पण तिला आनंद झाला नाही. हात आपोआप गेला होता, ती बघत नव्हती.

दुसऱ्या राउंडमध्ये तिचा धीर सुटला. पोस्टवालीनं खांदा जरासा पुढं केला, एवढंच. आत कोंडलेलं सगळं उसळून आलं आणि चुळबुळ तिच्या अंगावर धावून गेली. तो उजवा हात आला. तिनं तो दुसऱ्या मुलीवर पडताना पाहिला होता, तेव्हा इतका जड वाटला नव्हता. डोळ्यांपुढं पांढरं झालं. सावरते तोच पुन्हा तीच हूल, पुन्हा ती धावली, पुन्हा तोच हात. नाकातून गरम काहीतरी ओठावर आलं. तिसऱ्यांदा पाय पुढं निघाला तेव्हा घंटेनं वाचवलं.

कोपऱ्यात मामा तिच्या नाकाला बोळा लावत बोलत सुटला होता. मी सांगत होतो, तुझा पिंड नाही हा, आता तरी ऐक, दोघींचा एकेक राउंड झालाय, अजून वेळ गेलेली नाही, उठल्याबरोबर सुटायचं. तिनं त्याचं मनगट धरलं.

"मामा, जरा गप्प बस," ती म्हणाली. "मला बघू दे."

ती समोरच्या कोपऱ्याकडे बघत होती. पोस्टवालीचा प्रशिक्षक तिला काही सांगत होता, ती मान डोलवत होती, आणि स्टुलावर बसलेल्या तिचे दोन्ही गुडघे एकमेकांना घट्ट चिकटलेले होते.

तिसरा, शेवटचा राउंड. पुन्हा दोघी समोरासमोर. चुळबुळीनं या वेळी मनाला काही बजावलं नाही. तिनं पोस्टवालीकडे बघायला सुरुवात केली, कडेपासून. डाव्या बुटाची नाडी दुहेरी बांधलेली. गुडघा किंचित आत वळलेला. पोटाचा पट्टा स्थिर, फारच स्थिर. मग लक्षात आलं की ही बाई श्वास घेत नाहीये. धरून ठेवते, मग हळूच सोडते, चोरून, आणि सोडताना खालचा ओठ आत ओढते. पापण्या लवतात त्या एकदम दोनदा. हे तिनं लांबून खुर्चीत बसून पाहिलं नव्हतं, कारण तेव्हा ती हालचाल शोधत होती. लोक टाळ्या पिटून टर उडवत होते. ते तिला ऐकू येत होतं, पण बस चालू असताना इंजिन ऐकू यावं तसं. पोस्टवालीनं खांदा पुढं केला. चुळबुळीनं त्या खांद्याकडे बघितलं, तो खोटा होता, श्वास अजून धरलेला होता. पुन्हा खांदा. पुन्हा खोटा. आणि मग तिला एकदम उमगलं, की ही घाबरलेली आहे. आत्ता नाही, पहिल्यापासून. जिला सगळे शांत समजतात ती भीतीनं जागच्या जागी थिजलेली आहे, आणि त्या थिजण्यालाच तिनं हत्यार केलंय.

वेळ सरत चालली होती. पोस्टवालीच्या कोपऱ्यातून ओरडा सुरू झाला. तिचा खालचा ओठ आत गेला, आणि या वेळी बाहेर आलाच नाही. ती पुढं आली. उजवा हात खराच होता. चुळबुळ अर्धं पाऊल बाजूला सरली, डावा तिच्या बरगडीत बसला, उजवा हनुवटीवर. पोस्टवाली एका गुडघ्यावर आली. रेफरीनं मोजायला सुरुवात केली तेव्हा ती उठत होती, उठलीही, पण उरलेल्या वेळात तिचे हात वर यायला उशीर व्हायला लागला. निकाल पंचांत फाटाफूट होऊन लागला, आणि लागला तो चुळबुळीच्या बाजूनं. मामानं दोरांमधून आत येऊन तिला उचललं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तिला मात्र कधी एकदा खाली उतरते असं झालं होतं.

कपडे बदलायची खोली दोघींना एकच होती. एक बाक, एक बेसिन, भिंतीला खुंट्या. पोस्टवाली बाकावर बसून बुटांच्या दुहेरी गाठी सोडत होती. चुळबुळ दारातच उभी राहिली. रणगाड्याचं बोलणं तिच्या मनातून गेलं नव्हतं. माफी मागावी असं वाटत होतं, पण कशाची मागायची ते जुळेना. शेवटी नको तेच तोंडातून निघालं.

"तुला भीती वाटत होती," ती म्हणाली.

पोस्टवालीनं वर बघितलं. रागावली नाही.

"मला नेहमीच वाटते," ती म्हणाली. "मला तीनदा कुत्रं चावलंय. फाटक उघडायच्या आधी मी थांबते. आत कुत्रं आहे का, बांधलंय का, ते कळेपर्यंत हात लावत नाही. रिंगमध्येही तेच करते. लोकांना वाटतं काय संयम आहे बाईचा."

"मग आज का नाही थांबलीस?"

"तू इतकी गप्प उभी राहिलीस की मला कळेचना, कुत्रं आहे का नाही. म्हणून उघडलं फाटक," पोस्टवाली म्हणाली, आणि स्वतःच हसली. हसताना तिची बरगडी दुखली, म्हणून तिनं तिथं हात धरला.

चुळबुळीला हसू आलं नाही. तिनं विचारलं की तू सोडणार तर नाहीस ना. काय सोडू, नोकरी? असं पोस्टवालीनं विचारलं. बॉक्सिंग, असं म्हटल्यावर तिला ते फारच अजब वाटलेलं दिसलं. उलट तिला आता आणखी लढायचं होतं. पुढच्या स्पर्धेत आपण पुन्हा भेटू, ती म्हणाली, आणि तेव्हा मी तुझ्यासारखी लढणार आहे.

"माझ्यासारखी म्हणजे कशी?" चुळबुळ म्हणाली. "माझं असं काही नसतंच. समोरची असते तशी मी असते."

"असं तुला वाटतं."

"मग कशी असते?"

पोस्टवालीनं बूट पिशवीत टाकले, पिशवी सवयीनं एका खांद्यावर लावली, आणि म्हणाली की ते सांगायला मी वेडी नाही.

परतीच्या बसमध्ये चुळबुळीनं मामाला विचारलं की मी कशी लढते. मामा खुशीत होता, तो पुढच्या स्पर्धेच्या गोष्टी करत होता. तो म्हणाला, तू काय, पाण्यासारखी, ज्या भांड्यात ओतावं तशी. हे वाक्य तो वर्षानुवर्षं सगळ्यांना ऐकवत आला होता, आणि तिलाही आतापर्यंत ते आवडायचं. आज तिला ते पुरलं नाही. ती दोन थांबे आधीच उतरली आणि भराभरा चालत घरी गेली. नवऱ्यानं नाकाला औषध लावलं, त्यालाही तिनं तेच विचारलं. तो म्हणाला की मी तुझ्या लढती डोळे मिटून बघतो, मला काय विचारतेस.

दोन दिवस तिनं कळ काढली. तिसऱ्या दिवशी सकाळी ती पोस्टाच्या इमारतीसमोर जाऊन उभी राहिली. पोस्टवाली पिशवी घेऊन बाहेर आली, तिला बघून थबकली, आणि काही न विचारता चालायला लागली. चुळबुळ तिच्याबरोबर चालू लागली, खरं म्हणजे कधी दोन पावलं पुढं, कधी मागं. पोस्टवालीची बरगडी अजून दुखत होती, म्हणून चुळबुळीनं पिशवी मागितली. तिनं दिली नाही. पिशवी दुसऱ्याच्या हातात द्यायची नसते, म्हणाली. मग दोघी गप्पा मारत राहिल्या. डेपोतल्या तक्रारी, पोस्टातला साहेब, चुकीचे पत्ते. चुळबुळ कशी लढते याबद्दल पोस्टवालीनं चकार शब्द काढला नाही, आणि चुळबुळीनं निरनिराळ्या वाटांनी तो विषय काढून बघितला तरी ती बधली नाही.

एका गल्लीत हिरव्या फाटकाच्या घरासाठी पाकीट होतं. टपालपेटी आत, पायरीजवळ. पोस्टवाली फाटकासमोर थांबली आणि कान देऊन उभी राहिली. आत कुठंतरी साखळी वाजल्यासारखं झालं, का नाही झालं, कळत नव्हतं. चुळबुळ थोडा वेळ तिच्या चेहऱ्याकडे बघत होती, श्वास धरलेला, ओठ आत. मग तिनं पोस्टवालीच्या हातातलं पाकीट काढून घेतलं, फाटक ढकललं आणि आत गेली.

कुत्रं होतं. मोठं, तपकिरी, बांधलेलं नव्हतं. ते भुंकत तिच्या अंगावर आलं. चुळबुळ जागेवर उभी राहिली, तेही जरा लांब उभं राहिलं. तिनं मान तिरकी केली, त्यानंही केली. मग ते पुढं येऊन तिच्या बुटांचा वास घेऊ लागलं.

"बघ," फाटकाबाहेरून पोस्टवाली म्हणाली. "हेच तुझं."

चुळबुळीनं पाकीट पेटीत टाकलं आणि वळून विचारलं, काय हेच? पण पोस्टवाली पुढच्या घराकडे निघालीसुद्धा होती. कुत्र्याला चुकवून, फाटकाची कडी लावून, चुळबुळ तिच्यामागं धावली.